बाबांसाठी तीन महिन्यांचं ल्युप्रोलाइड डेपो: मे महिन्यात आणायचं कसं, द्यायचं कसं, नंतर काय सांभाळायचं?

मानेवाडा_चौक · ५ मे

नमस्कार. बाबांचं वय ७१. प्रोस्टेटचा कॅन्सर आहे. ग्लीसन स्कोअर (गाठ किती आक्रमक आहे त्याचा आकडा) ८, पीएसए (प्रोस्टेटची रक्ततपासणी) ८६, बोन स्कॅनमध्ये कमरेच्या दोन मणक्यांत आणि डाव्या बरगडीत डाग दिसले. कंबर दुखते पण चालतात, लघवीला जोर लावावा लागतो. मधुमेह १४ वर्षांपासून, हृदयाला एक स्टेंट, रक्ताच्या गुठळ्या होऊ न देणारी क्लोपिडोग्रेल ७५ रोज चालू.

डॉक्टरांनी ल्युप्रोलाइड डेपो ११.२५ (पुरुषी हार्मोन टेस्टोस्टेरॉन खाली आणणारं, साठ्यातून हळूहळू सुटणारं इंजेक्शन) दर तीन महिन्यांनी लिहून दिलं आहे. पहिलं १२ मेला, मंगळवारी. आजपासून बायकॅल्युटामाइड ५० ची रोज एक गोळी. इंजेक्शन आम्ही दवा बाजारातून आणायचं आणि घराजवळच्या दवाखान्यातल्या सिस्टरकडून घ्यायचं असं ठरलं. त्या दवाखान्यात हे इंजेक्शन आजवर दिलेलं नाही.

नागपूरच्या ४५ डिग्रीत हे मानेवाड्यापर्यंत आणायचं कसं? सिस्टरना आधी काय सांगून ठेवायचं? क्लोपिडोग्रेल बंद करावी लागते का? शेजारचे एक काका म्हणून राहिले की इंजेक्शन घेणारच आहेत तर बायकॅल्युटामाइडची गोळी कशाला, उगाच लिव्हर खराब होईल. यात खरं किती? आणि या इंजेक्शनने साखर, हाडं बिघडतात, गरम वाफा (अंगात एकदम उष्णता आणि घाम) येतात म्हणे, त्यांच्यासाठी आधीपासून काय करून ठेवता येईल तेही सांगा.

---

इतवारी_फार्मासिस्ट · ५ मे

भाऊ, सगळ्यात आधी खोक्यावर ‘डेपो’ हा शब्द आणि ११.२५ हा आकडा तपासा. ल्युप्रोलाइड याच नावाचं रोज कातडीखाली टोचायचं साधं इंजेक्शनही मिळतं. ते पाण्यासारखं स्वच्छ असतं आणि टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारात जास्त वापरतात. काउंटरवर घाईत नुसतं ‘ल्युप्रोलाइड द्या’ म्हटलं तर तेही हातात पडू शकतं, आणि त्याचा असर तीन महिने टिकत नाही. डेपोच्या खोक्यात पांढरी पावडर आणि तिच्यासाठीचं वेगळं द्रावण असतं. ३.७५ महिन्याचं, ११.२५ तीन महिन्यांचं. २२.५ चंही तीन महिन्यांचं येतं. चिठ्ठीत आहे तेच घ्या. ११.२५ संपलं म्हणून कुणी ३.७५ ची तीन खोकी एकदम घ्यायला सांगितलं तर घेऊ नका. महिन्याच्या डेपोतलं औषध महिन्यातच बाहेर येतं, तीन एकत्र टोचली म्हणून ते तीन महिने पुरत नाही.

आता उन्हाचं. ती पावडर म्हणजे अतिसूक्ष्म गोळे असतात. आतून विरघळणारे टाके ज्या जातीच्या पॉलिमरचे करतात, त्याच जातीच्या पॉलिमरमध्ये औषध कोंडलेलं असतं, आणि शरीरातल्या पाण्याने ते पॉलिमर हळूहळू झिजून औषध बाहेर येतं. हे पॉलिमर ४५ ते ५० डिग्रीच्या आसपास मऊ पडायला लागतं, ओल लागली तर त्याच्याही आधी. गोळे एकमेकांना चिकटले की सुईतून जात नाहीत, आणि गेले तरी औषध ठरल्या वेगाने सुटेलच असं नाही. मे महिन्यात आपल्याकडे दुपारी उन्हात उभ्या गाडीची डिक्की या आकड्यापर्यंत सहज पोचते. म्हणून डिक्कीत ठेवायचं नाही, कारच्या डॅशबोर्डवर तर मुळीच नाही.

खोक्यावर साठवणुकीचं तापमान काय लिहिलं आहे ते वाचा. काही ब्रँडना २ ते ८ डिग्री लागतं, काहींना २५ च्या खाली चालतं. सकाळी दुकान उघडलं की जा. जाण्याआधी फोन करून माल त्यांच्या फ्रिजमध्येच आहे ना ते विचारा, काउंटरवर मांडून ठेवलेलं घेऊ नका. सोबत झाकणाचा छोटा थर्माकोलचा डबा आणि दोन-तीन जेल पॅक न्या. फ्रीजरमधून काढलेला पॅक लगेच डब्यात टाकू नका. बाहेर ठेवून वरचं पांढरं दव वितळू द्या, हलवल्यावर आत पाणी डुचमळलं पाहिजे. लसीकरणात हीच रीत पाळतात. दगडासारख्या कडक पॅकला खोकं टेकलं तर आतलं द्रावण गोठतं, आणि गोठलेलं इंजेक्शन वापरत नाहीत. पॅक आणि खोकं यांच्या मध्ये टॉवेलची घडी ठेवा. खोकं आधी प्लास्टिकच्या पिशवीत बंद करा, नाहीतर दवाने पुठ्ठा भिजून बॅच नंबर पुसतो.

घरी फ्रिजच्या मधल्या कप्प्यात, मागच्या भिंतीला न टेकवता. दारात नको, फ्रीजरखालच्या चिल ट्रेमध्येही नको. लाइट गेली तर फ्रिज उघडू नका. बंद फ्रिज तीन-चार तास धरतो. खरं म्हणजे १२ तारखेच्या आदल्या दिवशी किंवा त्याच सकाळी आणलं तर ही काळजीच निम्मी होते.

बिल, बॅच नंबर, एक्सपायरी यांचा फोटो काढून ठेवा. बाबा महात्मा फुले योजनेत बसतात का, हे इंजेक्शन त्यात मिळतं का, हे ज्या रुग्णालयात उपचार सुरू आहेत तिथल्या आरोग्यमित्राला विचारा, आणि पैसे भरण्याआधी विचारा.

---

वॉर्ड_सिस्टर · ५ मे

दवाखान्यातल्या सिस्टरना हे सरळ वाचायला द्या.

खोकं फ्रिजमधून काढून १५ ते ३० मिनिटं सावलीत, शक्यतो कूलर किंवा एसीच्या खोलीत ठेवा. गरम पाण्यात धरायचं नाही. ल्युप्रोलाइड डेपो दोन रूपांत येतं, आणि चूक होते ती दोन्हींत वेगळ्या जागी.

व्हायलवालं (काचेच्या छोट्या बाटलीतलं) असेल तर पहिल्यांदा व्हायल टेबलावर हलकेच टिचकवा, पावडर सुटी झाली पाहिजे. गठ्ठा काचेला चिकटून राहिला तर ती व्हायल वापरू नका. पावडर मिसळायची ती खोक्यातल्याच द्रावणात. ट्रॉलीवरचं डिस्टिल्ड वॉटर किंवा सलाइन घेऊ नका. खोक्यातल्या द्रावणात सूक्ष्म गोळे तरंगत ठेवणारे घटक असतात. साध्या पाण्यात ते तळाशी बसतात, सुई तुंबते आणि निम्मं औषध सिरिंजमध्येच राहतं. द्रावण किती घ्यायचं ते त्याच खोक्यातल्या पत्रकातून पाहा, दुसऱ्या ब्रँडच्या आठवणीवर जाऊ नका. द्रावण काचेच्या कडेने सोडा, व्हायल गोल फिरवा, फेस येईल इतकी जोराने हलवू नका. एकसारखं दुधाळ झालं पाहिजे. तळाशी थर दिसला तर पुन्हा फिरवा.

दोन कप्प्यांची तयार सिरिंज असेल तर प्लंजर (दाबायचा दांडा) फिरवून मागच्या रबरात पक्का बसवा, सिरिंज सुई वर करून उभी धरा, आणि पहिला रबर मधल्या निळ्या रेघेपर्यंत येईस्तोवर सहा ते आठ सेकंद घेऊन सावकाश दाबा. घाईने दाबलं तर द्रावण पावडरच्या बाजूने निघून जातं आणि कोरडा गोळा आतच राहतो. नंतर उभीच धरून हलकेच हलवा.

यानंतर फोन उचलायचा नाही, सही करायला जायचं नाही. मिसळलेलं औषध एक-दोन मिनिटांत खाली बसायला लागतं, म्हणून पेशंट आधीच झोपवलेला हवा, जागा स्पिरिटने पुसून वाळलेली हवी. पत्रकात दोन तासांनी फेकून द्या असं लिहिलेलं दिसेल. ती शेवटची मर्यादा आहे, तेवढा वेळ ठेवायची मुभा नाही.

हे स्नायूत द्यायचं असतं. कुल्ल्याची बाहेरची-पुढची बाजू, म्हणजे व्हेंट्रोग्लूटिअल, सगळ्यात चांगली. तिथे मोठी नस नाही, मोठी रक्तवाहिनीही नाही. खोक्यातलीच सुई वापरा. नसली तर २१ ते २३ गेज, दीड इंच. इन्सुलिनची बारीक सुई चालत नाही, तुंबते. सुई काटकोनात आत घाला, प्लंजर थोडा मागे ओढून रक्त येत नाही ना पाहा, आणि न थांबता एका दमात पूर्ण द्या. मध्येच अडलं तर ताकद लावू नका. दाबाने सुई सिरिंजपासून सुटते आणि औषध गादीवर सांडतं. सुई बाहेर काढा, नवी लावा, सिरिंज हलवा, पुन्हा द्या. किती सांडलं किंवा उरलं ते लिहून डॉक्टरांना कळवा. अर्धवट गेलेला डोस ‘झाला’ म्हणून नोंदवला तर पुढचे तीन महिने चुकीच्या हिशेबावर जातात.

क्लोपिडोग्रेलबद्दल: स्टेंट आहे, तेव्हा ही गोळी स्वतःच्या मनाने एक दिवसही बंद करू नका. एका स्नायूतल्या इंजेक्शनसाठी ती सहसा थांबवत नाहीत, पण सिस्टरना माहीत असलं पाहिजे. कातडी बाजूला ओढून सुई घाला, काढल्यावर कापसाने सलग पाच मिनिटं दाबून धरा, चोळू नका. चोळल्याने काळंनिळं होतंच, शिवाय औषधाचा साठाही पसरतो. रक्त पातळ करणारी वॉरफरिन घेणाऱ्यांचा आयएनआर (रक्त किती पातळ आहे त्याची तपासणी) त्याच आठवड्यातला हवा.

इंजेक्शननंतर अर्धा तास तिथेच बसवा. अंगावर पित्त उठलं, ओठ सुजले, धाप लागली तर तिथल्या तिथे उपचार झाले पाहिजेत. दोन-तीन दिवस जागा दुखते, बर्फ कापडात गुंडाळून लावा, पॅरासिटामॉल चालतं. जागा लाल होत गेली, ताप आला, पू दिसला तर दाखवा. कधी कधी जंतूविनाही तिथे कडक गाठ होते. ती सुईने फोडायची नसते. दर वेळी बाजू बदला, डावी-उजवी डायरीत लिहा.

सिस्टर गरोदर असतील तर त्यांनी हे मिसळू नये, दुसऱ्या कुणी करावं. आणि सगळ्यांनीच हातमोजे घालावेत.

---

रामदासपेठ_युरोऑन्को · ६ मे

शेजारच्या काकांचा सल्ला कृपया मानू नका. तुमच्या बाबांच्या बाबतीत ती गोळी या सगळ्या योजनेतला सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे.

प्रोस्टेटचा कॅन्सर टेस्टोस्टेरॉनवर पोसतो, म्हणून ते खाली आणायचं; पण ल्युप्रोलाइड हे हार्मोन थेट बंद करत नाही. मेंदूतली पिट्युटरी ग्रंथी ज्या इशाऱ्याने वृषणांना टेस्टोस्टेरॉन बनवायला लावते, त्याच इशाऱ्याची ही जास्त ताकदीची नक्कल आहे. त्यामुळे आधी टेस्टोस्टेरॉन वाढतं. पहिल्या दोन-चार दिवसांत चढतं, साधारण दोन आठवडे चढलेलं राहतं, मग ग्रंथी सततच्या इशाऱ्याला दाद देईनाशी होते आणि तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापर्यंत पातळी अगदी खाली जाते. या उसळीला आम्ही फ्लेअर म्हणतो. ज्याच्या मणक्यात गाठी आहेत आणि लघवी आधीच अडखळते, त्याला हेच दोन आठवडे धोक्याचे. गाठ सुजून मज्जारज्जूवर दाब येऊ शकतो किंवा लघवी पूर्ण अडू शकते. बायकॅल्युटामाइड टेस्टोस्टेरॉनला कॅन्सरच्या पेशीवर बसूच देत नाही, म्हणून ती आठवडाभर आधी सुरू केली आणि इंजेक्शननंतर साधारण चार आठवडे चालू ठेवतात. म्हणजे तुमच्या हिशेबाने ९ जूनपर्यंत, चिठ्ठीत वेगळं लिहिलं नसेल तर. लिव्हरवर क्वचित परिणाम होतो हे खरं आहे. त्यासाठी सुरुवातीला आणि महिन्याने लिव्हरची रक्ततपासणी करतात. डोळे पिवळे, लघवी गडद, खूप मळमळ दिसली तर गोळी थांबवून त्याच दिवशी फोन करा.

पहिल्या तीन आठवड्यांत यातलं काहीही झालं तर सकाळची वाट पाहू नका: पाय जड किंवा लुळे वाटणं, मांड्यांच्या आतल्या बाजूला किंवा बैठकीच्या जागी बधिरपणा, लघवी बंद होणं, लघवी-संडासवरचा ताबा जाणं, कंबरदुखी एकाएकी वाढणं. रात्री दोन वाजलेले असले तरी थेट जिथे मणक्याचा एमआरआय लगेच होईल अशा रुग्णालयात न्या आणि पहिलंच वाक्य असं सांगा: ‘प्रोस्टेट कॅन्सर मणक्यात आहे, ल्युप्रोलाइड अमुक तारखेला दिलं, आता पाय लुळे पडतायत.’ या आजारात काही तासांच्या उशिराने माणूस कायमचा खाटेला खिळतो. दुसरी, फार क्वचित होणारी गोष्ट: पहिल्या इंजेक्शननंतर काही तासांत ते काही दिवसांत अचानक फाटेल असं डोकं दुखणं, उलट्या, दिसायला दोन-दोन किंवा अंधुक. हा पिट्युटरीतला रक्तस्राव असू शकतो. तेव्हाही थेट रुग्णालय.

डॉक्टरांना दोन प्रश्न जरूर विचारा. एक, मणक्यात आजार असताना डेगारेलिक्स का नको? ते इशाराच अडवतं, म्हणून फ्लेअर येत नाही आणि बहुतेकांत तीन दिवसांत पातळी खाली येते. पहिल्या दिवशी १२० मिग्रॅची दोन इंजेक्शनं पोटाच्या कातडीखाली, मग दर २८ दिवसांनी ८० मिग्रॅ. अडचण अशी की दर महिन्याला यावं लागतं, खर्च वाढतो, आणि टोचलेली जागा बऱ्याच जणांची लाल होऊन दुखते. दोन, हाडात पसरलेल्या आजारात आजकाल नुसत्या इंजेक्शनवर थांबत नाहीत. अबिराटेरॉन, एन्झाल्युटामाइड किंवा केमो यांपैकी काही जोडतात. बाबांना मधुमेह आणि हृदयविकार आहे, आणि अबिराटेरॉनसोबत प्रेडनिसोलोन घ्यावं लागतं. ते साखर चढवतं, पोटॅशियम आणि बीपीही पाहावं लागतं. म्हणून निवड विचार करून करावी लागेल.

कायमचा आणि स्वस्त मार्ग म्हणजे वृषण काढण्याची छोटी शस्त्रक्रिया. टेस्टोस्टेरॉन त्याच दिवशी उतरतं, फ्लेअर नाही, दर तीन महिन्यांची धावपळ नाही. गडचिरोली-गोंदियाकडून येणाऱ्या कुटुंबांना आम्ही हा पर्याय नेहमी समोर ठेवतो. परत फिरता येत नाही, म्हणून निर्णय बाबांचा असावा, मुलांचा नाही.

इंजेक्शनआधी ईसीजी काढलेला असावा. टेस्टोस्टेरॉन उतरलं की ईसीजीतला क्यूटी (ठोक्यानंतर हृदय पुन्हा तयार व्हायला लागणारा वेळ) लांबू शकतो. त्यात ऑन्डान्सेट्रॉन, डोमपेरिडोन, अझिथ्रोमायसिन, लिव्होफ्लॉक्सासिन, एसिटालोप्राम यांची भर पडली की ठोके बिघडण्याचा धोका वाढतो. यातली बरीच औषधं दुकानातून बिनचिठ्ठीची घेतली जातात. उन्हाळ्यात जुलाब-उलट्यांनी पोटॅशियम उतरलेलं असताना तर जास्तच सांभाळा. बाबांच्या पाकिटात एक कागद ठेवा: ‘ल्युप्रोलाइड चालू आहे, स्टेंट आहे, क्लोपिडोग्रेल चालू आहे.’

---

मानेवाडा_चौक · ६ मे

खूप आभार. गोळी आजही दिली आणि बंद करणार नाही. ईसीजी उद्या काढून घेतो. एक विचारायचं राहिलं: पुढचं इंजेक्शन १२ ऑगस्टला धरायचं ना? त्या आठवड्यात पुण्याला लग्न आहे, चार-पाच दिवस इकडे तिकडे चालतं का?

---

इतवारी_फार्मासिस्ट · ६ मे

नाही, १२ ऑगस्ट नाही. सूक्ष्म गोळ्यांच्या या डेपोचा हिशेब १२ आठवड्यांचा, म्हणजे ८४ दिवसांचा धरा. १२ मे अधिक ८४ दिवस म्हणजे ४ ऑगस्ट. मग २७ ऑक्टोबर, मग १९ जानेवारी. कॅलेंडरवर दर तीन महिन्यांनी १२ तारीख धरली तर दर वेळी आठेक दिवस मागे पडतात, आणि चौथ्या इंजेक्शनला १९ जानेवारीऐवजी १२ फेब्रुवारी उजाडते; २४ दिवसांचा घाटा. तेवढ्या दिवसांत टेस्टोस्टेरॉन परत वर येऊ शकतं. सोपी खूण म्हणजे पहिलं मंगळवारी झालं तर सगळी मंगळवारीच येतील. वार बदलला की समजा मोजणी चुकली.

दोन-तीन दिवस आधी घेतलं तर बिघडत नाही, उशीर मात्र नको. तेव्हा लग्नाला जाण्याआधी घेऊन टाका. समजा कधी उशीर झालाच तर कळल्याबरोबर घ्या, दुप्पट डोस नाही. उशीर आठवड्यांचा असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. पातळी वर आलेली असेल तर पुन्हा उसळी येते आणि बायकॅल्युटामाइड पुन्हा काही दिवस द्यावी लागू शकते. मधेच ब्रँड किंवा मात्रा बदलायची वेळ आली तरी चिठ्ठी नवीन घ्या.

---

हाडं_आणि_स्नायू (फिजिओथेरपी) · ७ मे

हाडांकडे सगळे उशिरा पाहतात, म्हणून सविस्तर लिहिते. टेस्टोस्टेरॉन गेलं की हाडं झिजायला लागतात, आणि झीज पहिल्या वर्षात सगळ्यात वेगाने होते. आत्ताच एक डेक्सा स्कॅन (हाडांची घनता मोजणारा) करून ठेवा, म्हणजे वर्षाने तुलना करता येईल. व्हिटॅमिन डीची पातळी तपासा. कमी असेल तर ६० हजार युनिटचं पाकीट आठवड्याला एक असं डॉक्टर ठराविक आठवडे देतात. ते वर्षभर चालू ठेवायचं नसतं, किडनीला त्रास होतो. कॅल्शियम आहार धरून दिवसाला १००० ते १२०० मिग्रॅ लागतं. एका वेळी ५०० च्या वर घेऊ नका, पोटात नीट शोषलं जात नाही. कार्बोनेट असेल तर जेवणानंतर. थायरॉइडची गोळी घेत असतील तर दोन्हींत चार तासांचं अंतर. दोन वाट्या दही किंवा दूध आणि रोज दोन चमचे तिळाची चटणी ज्वारीच्या भाकरीबरोबर, इतकं केलं तर गोळीचं काम बरंच हलकं होतं.

हाडांची झीज थांबवणारं झोलेड्रॉनिक अ‍ॅसिड किंवा डेनोसुमॅब द्यायचं ठरलं तर आधी दाताच्या डॉक्टरकडे जा. हलणारा, किडलेला दात आधी काढून जखम भरू द्या. हे औषध सुरू झाल्यावर दात काढला तर जबड्याचं हाड उघडं पडून भरेनासं होऊ शकतं. झोलेड्रॉनिकआधी क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) आणि कॅल्शियम पाहतात. डेनोसुमॅब ६० दर सहा महिन्यांनी असतं आणि तेही चुकवायचं नाही. अचानक थांबवलं तर मणके एकामागून एक मोडू शकतात.

व्यायामात नुसतं चालणं पुरत नाही, स्नायू टिकवायला ताकदीचा व्यायाम लागतो. पण बाबांच्या मणक्यात डाग आहेत, म्हणून आधी ऑन्कोलॉजिस्टकडून मणका स्थिर आहे असं लेखी घ्या. तोवर वाकून बादली उचलणं, कंबर पिळणं, उठाबशा बंद. परवानगी मिळाल्यावर खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं दहा वेळा, भिंतीला हात लावून टाचा उचलणं दहा वेळा, अशा दोन-तीन फेऱ्या, आठवड्यातून तीन दिवस. मे महिन्यात चालायला सकाळी साडेसहाच्या आत.

घरात पडण्याची कारणं आजच काढून टाका: न्हाणीघरातला ओला दगड, रात्रीचा अंधार, कूलरची वायर वाटेत.

साखरेचं एक सांगते, ते इकडे विदर्भात विशेष लागू आहे. इंजेक्शननंतर दोन-तीन महिन्यांत इन्सुलिनला शरीर कमी दाद देतं, पोटाचा घेर वाढतो, साखर चढते. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा उपाशीपोटी आणि जेवणानंतरची मोजा आणि वही मधुमेहाच्या डॉक्टरांना दाखवा. तीन महिन्यांच्या एचबीए१सीवर (सरासरी साखरेच्या तपासणीवर) सगळं सोपवू नका. घरात सिकलसेल (इकडे बऱ्याच घरांत आढळणारा रक्ताचा आनुवंशिक आजार) असेल तर तो आकडा फसवा निघू शकतो, आणि या उपचारात हिमोग्लोबिनही थोडं उतरतं. हिमोग्लोबिन एखाद्या ग्रॅमने उतरणं अपेक्षित असतं, पण खूप उतरलं, काळी संडास होते आहे, तर क्लोपिडोग्रेल चालू असल्यामुळे पोटातला रक्तस्राव आधी तपासा.

---

मानेवाडा_चौक · १० जून

इंजेक्शन १२ मेला नीट झालं, काही सांडलं नाही. पाय, लघवी ठीक. कालच बायकॅल्युटामाइडचे चार आठवडे पूर्ण झाले. काल रक्त दिलं: पीएसए १४, टेस्टोस्टेरॉन ०.१९, पण लॅबने ते लाल अक्षरात ‘लो’ छापलं आणि बाबा घाबरले. रात्री तीन-चार वेळा घामाने गंजी भिजते, झोप होत नाही. कुणी शिलाजित सुचवून राहिले. द्यायचं का?

---

रामदासपेठ_युरोऑन्को · १० जून

लाल अक्षर चांगलं आहे, बाबांना तसं सांगा. लॅब निरोगी पुरुषाच्या पातळीशी तुलना करते. आपल्याला हाच आकडा खाली हवा आहे. फक्त एकक पाहा. तुमच्या लॅबने नॅनोग्रॅम प्रति मिली लिहिलं असेल तर ०.१९ म्हणजे प्रति डेसिलीटर १९. पन्नासच्या खाली पाहिजे, वीसच्या खाली असेल तर उत्तम. पुढच्या वेळी त्याच लॅबमध्ये, सकाळी, आणि पुढच्या इंजेक्शनच्या एक-दोन दिवस आधी तपासा. डोस संपत येतानाही पातळी खालीच राहते का, ते त्यावरून कळतं. पीएसएचा उतार चांगला आहे. बायकॅल्युटामाइड पुढे चालू ठेवायची की बंद, आणि जोडीला दुसरं कोणतं औषध, हे या आठवड्यातच ठरवून घ्या.

शिलाजित नको. ताकदीची म्हणून विकली जाणारी चूर्णं-गोळ्या, ज्यांच्यावर टेस्टोस्टेरॉन वाढतं असा दावा असतो, त्या या उपचाराच्या अगदी उलट दिशेला काम करतात. त्यात नेमकं काय मिसळलं आहे तेही कळत नाही.

---

वॉर्ड_सिस्टर · १० जून

गरम वाफांसाठी आधी एक आठवडा वही ठेवा: किती वाजता, त्याआधी काय खाल्लं-प्यायलं, किती मिनिटं. बहुतेकांत उकळता चहा, सावजीसारखं जळजळीत, दारू आणि बंद खोली ही कारणं निघतात. झोपण्याआधी दोन तास यांतलं काही नको. सैल सुती गंजी, उशाशी पाण्याची बाटली आणि ओला पंचा. वाफ सुरू होतानाच पंचा मानेवर ठेवला तर ती लवकर ओसरते. आता पाऊस लागला की हवेत दमटपणा येतो, कूलर घाम वाळू देत नाही. तेव्हा कूलरचा पाण्याचा पंप बंद करून नुसती हवा सोडा, खिडकी उघडी ठेवा.

इतकं करूनही रात्री झोप होत नसेल तर डॉक्टरांकडे औषधं आहेत. व्हेनलाफॅक्सिन कमी मात्रेत देतात, बीपी पाहावं लागतं. गॅबापेंटिन रात्री दिलं तर झोपही लागते, पण वयस्कर माणसाला चक्कर येऊन पडण्याची भीती असते, म्हणून रात्री लघवीला उठताना कुणी सोबत हवं. सायप्रोटेरोन चांगलं लागू पडतं, पण रक्ताच्या गुठळ्यांचा धोका आहे; स्टेंट असल्याचं आवर्जून सांगा. ऑक्सिब्युटिनिनही वापरतात, पण बाबांना लघवीला जोर लावावा लागतो, त्यांना त्याने लघवी अडू शकते. जुन्या चिठ्ठीवरून किंवा दुसऱ्याच्या सांगण्यावरून यातलं काही घेऊ नका.

घाम येतो तो ताप नाही, हेही नक्की करा. एकदा वाफ आलेली असतानाच थर्मामीटर लावा. १०० च्या वर गेलं, थंडी वाजली, लघवीत जळजळ असेल तर तो संसर्ग असू शकतो आणि त्याचा उपचार वेगळा. शिवाय मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्या माणसाला पहाटे साखर उतरल्यावरही असाच घाम फुटतो. बाबा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेत असतील तर रात्री घामाने उठले की पहिल्यांदा बोटातून साखर मोजा. ७० च्या खाली असली तर तीन चमचे साखर पाण्यातून द्या, १५ मिनिटांनी परत मोजा, आणि सकाळी मधुमेहाच्या डॉक्टरांना कळवा.